हस्तांदोलनाची घाई

परवा कुंडीतल्या टोमॅटोची पानं चुरगळली आणि त्या वासासरशी मी एडिनबराजवळच्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या शेतावर पोचलो. खत, वीज, भाजी सगळं एकत्र राहून पिकवणाऱ्या त्या घरात मला खोली हवी होती. रविवारी सगळे तासभर मौन प्रार्थनेला बसत. उशिरा आलेल्या मी शेजारच्या मार्गारेटआजींशी शहाण्यासारखा हात मिळवला. लगेच सगळेच हात मिळवून उठले! वडीलधाऱ्यांनी हात मिळवला की प्रार्थना संपली, हा तिथला रिवाज. तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता तो किस्सा मीच सांगत सुटतो.

"दहाच मिनिटं झाली की!" कुणीतरी कुरकुरलं.

"बरंच झालं," आजी हसल्या, "पावसाआधी बटाटे काढून होतील. काय, ठेवून घ्यायचं ना याला?"

निर्णयही मौनातच घ्यायची त्यांची पद्धत, म्हणून पुन्हा सगळे गप्प बसले. मी दोन्ही हात खिशात घालून बसलो, ते थेट खोली मिळेपर्यंत.