कालच्या तारखेची वही

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. राग कोणाचा म्हणाल, तर आधी माझाच.

पंचावन्न सालचा नागरिकत्वाचा कायदा नुकताच आला होता. मी तेव्हा खाडीकाठच्या एका ठाण्यावर फौजदार होतो. एक निनावी अर्ज आला. दिघीत एक विधवा दहा वर्षांच्या मुलीसह पाकिस्तानी पासपोर्टवर राहते, मुदत संपली आहे. चौकशीत ते खरं निघालं. नवरा कराचीला बोटीवर कामाला होता, तो वारला आणि बाई माहेरी परतली. वरून हुकूम आला, दोघींना परत पाठवा.

त्यांना आणायला मी जमादाराला धाडलं. हा शहाणा युनिफॉर्ममध्ये गावच्या शाळेत जाऊन भर वर्गात उभा राहून विचारतो, "कराचीवाली पोर कंची?" दुसऱ्या दिवशी मायलेकी गायब आणि भीतीनं सगळ्या मोहल्ल्याची मुलं शाळा सोडून घरात. खडसावलं तर म्हणतो, "साहेब, पोरं खोटं बोलत न्हाईत, म्हनून तिथं इचारलं." कपाळावर हात मारून घेतला.

पंधरा दिवस गावं पालथी घातली. कोणी तोंड उघडेना. शेवटी हेडमास्तरांना शाळेतच गाठलं आणि आवाज चढवला. ते थंडपणे म्हणाले, "मुलगी गैरहजर आहे. हजेरीपट बघा." हजेरीपट चोख होता. पण शेजारी वह्यांचा गठ्ठा होता. मी सहज चाळला. त्यात त्या मुलीची वही सापडली, शेवटच्या पानावर मास्तरांची सही आणि खाली कालची तारीख.

"गैरहजर मुलीची वही काल तपासलीत कशी?"

मास्तरांना खोटं बोलणं जमत नव्हतं. "खाडीपलीकडे आगरदांड्याला आहेत दोघी. शाळा सुटली की होडीनं जाऊन शिकवतो. तिचं वर्ष का बुडावं?" मग तेच माझ्यावर उखडले. "आणतो त्यांना. पण जबाब इथं शाळेत घ्यायचा, साध्या कपड्यांत. आणि आधी हे वाचा."

त्यांनी शाळेचं जुनं रजिस्टर उघडलं. त्या बाईचंच नाव, लहानपणी शाळेत घातलं तेव्हाचं. जन्मगाव दिघी. "हिला नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, फौजदारसाहेब. तुम्ही सांगितलंत तिला?"

नव्हतं सांगितलं. त्याचं परिपत्रक माझ्याच खणात न वाचता पडलं होतं.

बाई आली ती हात जोडूनच. "साब, मी हितलीच हाय. तिकडं माझं कोन न्हाय." मास्तरांनी अर्ज लिहिला, रजिस्टरचा उतारा जोडला, मी शिफारस केली. त्यानंतर वरून पुन्हा पुन्हा विचारणा, रवानगी का केली नाही? दर वेळी 'अर्जाचा निर्णय बाकी आहे' हेच उत्तर लिहून हात दुखला. अखेर मंजुरी आली आणि मायलेकी राहिल्या.

माणसाला हुकूम दाखवण्याआधी त्याचा हक्क सांगावा, हे मला ठाण्यात नव्हे, शाळेत कळलं. पण उशिरा कळलं. मोहल्ल्यातली मुलं परत आणायला मास्तर घरोघर फिरले. तीन मुलींना घरच्यांनी पाठवलंच नाही. त्यांच्यावर ना हुकूम होता, ना कोणाची तक्रार. त्यांची शाळा माझ्यामुळे सुटली.