वहीत न आलेलं दूध

यवतमाळहून दिग्रसची बस सुटायला तासभर उशीर झाला आणि मी स्टँडवर नुसत्या येरझारा घालत राहिलो. पिशवीत माझा अहवाल होता, फक्त सही बाकी. एकच वळू त्याच्याच लेकी-नातींनाही लावत गेलं तर पुढच्या गाईंचं दूध किती घटतं, याचं गणित मी नागपुरात हाताने फिरवायच्या यंत्रावर चार महिने केलं होतं. शेवटी शिफारस : दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावरचा भुऱ्या वळू खच्ची करावा. "सही करण्याआधी एकदा गाई बघून या," साहेबांनी फर्मावलं. आकडे हातात असताना गाई कशाला बघायच्या? मी मनातून धुमसत होतो.

दिग्रसला कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडवलेला. पुढे बंडीने (बैलगाडीने) दोन तास. नाल्यात चाक रुतलं, ते ढकलताना पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली. रामजी नाईक (तांड्याचे प्रमुख) सामोरे आले.

"राम राम साहेब. काहून इतके गरम होऊन राह्यले? बसा, बाटी (भाकर) खा."

ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढलं, तरी मी दुसरी भाकर मागितली. अंगणात भुऱ्या नाईकांचा खांदा चाटत होता. त्याची आई मेल्यावर नाईकांनीच त्याला बोटाने दूध पाजून वाढवलं होतं. खच्ची करायची गोष्ट काही माझ्या तोंडातून बाहेर पडेना.

संध्याकाळी नाईकांच्या पत्नी, सोमलीबाई, धारेला बसल्या. त्या गाईचा बाप भुऱ्या आणि आजाही भुऱ्याच. आमच्या माणसाने इथे दूध मोजून भरलेल्या वहीत ती सगळ्यांत कमी दुधाची. दोन सड पिळून बाई उठल्या.

"उरलेले दोन?"

"वासराचे. धडधाकट असलं तं एक सड ठेवतो. हे मरतुकडं हाय, याले दोन."

"आमच्या वहीवाल्याला सांगितलं नाहीत?"

"त्यानं इचारलंच कुठी? भांडं मोजलं अन् गेला."

वहीत घटलेलं दूध वासरांच्या पोटात गेलं होतं; किती, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. लाज वाटली, आणि भुऱ्या वाचला म्हणून आनंदही झाला. नाईकांना शिफारशीसकट सगळं सांगून टाकलं. ते हसले नाहीत.

"दुधाचं सोडा साहेब. त्याचीच वासरं मरतुकडी काहून होऊन राह्यली?"

वासरांचा रकानाच माझ्या कागदावर नव्हता. नाईक बराच वेळ भुऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"आमी लेक आपल्या गोतात (गोत्रात) देत नाही. अन् गाईचं मात्र इसरलो. याच्यावर लय जीव ना माहा."

सकाळी ते स्वतःच दोर धरून निघाले. भुऱ्याला सोमलीबाईंच्या माहेरच्या तांड्यावर द्यायचं, तिथला वळू इकडे आणायचा. फाट्यापर्यंत आमची वाट एकच होती. तिथून वेगळं झाल्यावर मी बंडीतून वळून पाहू लागलो, तसे ते ओरडले, "मांगं पाहू नका साहेब, तो बी पाहीन!"

नागपुरात साहेबांनी शिफारशीचं विचारलं. म्हणालो, तिची गरज उरली नाही. नव्या कागदावर आधी वासराचा रकाना आखला. यंत्राचा दांडा हातात धरला, पण फिरवायला मन होईना. चुकलो मी होतो. जीव मात्र नाईकांचा तुटला.