तिनं वाचवलेला वेळ

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही दोघी मिळून प्रोजेक्ट करत होतो. मी किकवीची, शेतकऱ्याच्या घरातली. ती भोरची, तिच्या अब्बांचं तिथं शिवणकामाचं दुकान होतं. पुण्याला कॉलेजला जाताना मी नसरापूरला तिची एसटी पकडायची. ती माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायची. तिचा हा चांगुलपणासुद्धा मला टोचायचा.

प्रोजेक्ट होता नाडीचे ठोके मोजणाऱ्या, बॅटरीवरच्या यंत्राचा. ठोका टिपणं, आकडा दाखवणं, ठोके बिघडले तर भोंगा वाजवणं, सगळं एकाच प्रोसेसरनं करायचं आणि प्रत्येक काम ठरल्या वेळेच्या आत. प्रोसेसरचा वेग उतरवला की बॅटरी वाचते. फार उतरवला तर ठोका हुकतो. प्रत्येक कामाला जास्तीत जास्त किती वेळ लागेल ते धरून मी सगळ्यांना पुरेल असा एकच वेग काढला होता. त्यावर मी खूश होते.

एके दिवशी एसटीत ती म्हणाली, "अगं, काम बहुतेक वेळा आधीच संपतं. मग उरलेला वेळ वाया का घालवायचा? पुढच्या कामाला देऊ, ते सावकाश होऊ दे."

इतकी साधी गोष्ट, आणि मला सुचली नव्हती. सरांनी तिची कल्पना फळ्यावर मांडून घेतली. जागा पुरेना म्हणून माझी आकडेमोड पुसली.

यंत्राची चाचणी आम्ही वेल्ह्याकडे, पासलीला माझ्या मामांकडे घेतली. मामा खाटेवर आडवे झाले, बोटाला वायर लावून घेतली. तिनं त्यांना सगळं इतकं छान समजावलं, की ते माझ्याकडे वळून म्हणाले, "लई हुशार पोर हाय ही. तू काय केलंस गं ह्यात?"

सख्खे मामा माझे! मी यंत्राच्या पडद्यावरची ठोक्यांची रेघ बघत बसले. आणि मला दिसलं. मध्येच एक ठोका गळत होता.

खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मामांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "तुझं चुकलंय. वेग बदलायलाही वेळ लागतो. तू जरा उसंत मिळाली की वेग उतरवतेस आणि लगेच चढवतेस. वाचवलेला वेळ त्यातच जातो."

तिचा चेहरा पडायची मी वाट बघत होते. तिनं माझा हातच धरला. "कसं दिसलं गं तुला? ठोका का गळतो ते मी कधीची शोधतेय!"

तिथंच खाटेशेजारी बसून तिनं दुरुस्ती केली. वेग बदलण्यात जाणारा वेळ आधीच वजा करायचा. काही उरत असेल तरच वेग उतरवायचा. त्यानंतर एकही ठोका गळला नाही, आणि बॅटरी माझ्या पद्धतीपेक्षा कितीतरी जास्त टिकली. मामी तिच्यासाठी आणखी एक तांदळाची भाकरी घेऊन आल्या.

तोंडी परीक्षेत तिनं आवर्जून सांगितलं, "ही चूक हिनं शोधली." परीक्षकांनी माझ्याकडे बघून मान डोलावली आणि पुढचा प्रश्न तिला विचारला.

तिला बंगलोरला मोबाईलच्या चिपवर काम मिळालं, मला पुण्यात. दोनेक वर्षांनी तिचा फोन आला. "आमच्याकडं कामाला ये ना. तुझ्यासारखी नजर हितं कुणाची न्हाई."

तिनं मनापासून विचारलं होतं, हे मला कळत होतं. पगारही बरा होता. पण रोज सकाळी तिच्या शेजारी बसायचं, हा विचारच मला नको झाला.

"आईला माझ्याशिवाय करमणार नाही गं," मी म्हणाले.

आई शेजारीच शेंगा फोडत बसली होती. तिनं हात थांबवून माझ्याकडे बघितलं.