माइकभाऊ आणि बेबीवहिनींची हातगाडी

माइकभाऊला हळू बोलता येत नसे. शेजारच्या माणसाकडे पाणी मागायचं असलं, तरी तो आधी घसा खाकरायचा, हनुवटी वर करायचा आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात पाणी मागायचा. दवाखान्यात कुणाला भेटायला गेला, की त्या वॉर्डातल्या सगळ्यांना पेशंटचा आजार कळायचा. त्याचं खरं नाव त्याच्या आधार कार्डावर असेल तेवढंच. आमच्यासाठी तो माइकभाऊ.

आमच्या वडनेरच्या बाजूला लग्नात जेवणाच्या पंगती सुरू झाल्या, की एकजण माइक घेऊन आहेर पुकारायला बसतो. कुणी पाकीट दिलं, कुणी भांडं दिलं, ते देणाऱ्याच्या नावागावासकट मांडवाला ऐकवायचं. माइकभाऊ हे काम तरुणपणापासून करायचा, आणि फुकट करायचा. त्याच्यासारखा पुकारणारा आसपासच्या गावांत नव्हता, हे मला आजही कबूल करावं लागतं. "आंजीवाल्या मामाजीकडून नवरीले पितळेची गुंडी! अरे, टाळ्या होऊ द्या ना!" असं तो म्हणाला, की मामाजी बसल्या जागी दोन इंच वाढायचे. स्टीलचा डबा देणाऱ्या म्हातारीचं नावही तो असं घ्यायचा, की तिने हत्ती बांधून दिला आहे असं वाटावं. ती म्हातारी पुढे महिनाभर त्याचं नाव काढायची.

माझा मोठा भाऊ गेला, तेव्हा हाच माणूस तेरवीपर्यंत आमच्या घरी राबला. पाहुण्यांना स्टँडवरून आणणं, पाणी भरणं, आचाऱ्याच्या हाताखाली बसून वांगी चिरणं, सगळं त्याने केलं, आणि त्याबद्दल पुढे कुणाजवळ शब्द काढला नाही. तेव्हा त्याच्याजवळ बटणांचा फोन होता. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याच्याबद्दल बरं बोलायला माझ्याजवळ फारसं काही नाही.

मग त्याने हिंगणघाटात साड्यांचं दुकान टाकलं. दुकान चालेना. बाजूला मोठी मोठी दुकानं, काचेची दारं, आत थंडगार हवा. याच्याकडे एक पंखा आणि हा. एका पावसाळ्यात त्याने बसस्टँडवरच्या एका म्हाताऱ्याला चादर दिली आणि मुलाकडून त्याचा व्हिडिओ काढून फोनवरून सगळीकडे पसरवला. चार दिवसांनी समुद्रपूरकडच्या बाया दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "चादरवाले भाऊ तुमीच काय?" त्यांनी साड्या घेतल्या. माइकभाऊच्या डोक्यात जो काही दिवा लागायचा होता, तो त्या दिवशी लागला.

त्यानंतर त्याचं दान थांबलंच नाही. कुणाला चप्पल, कुणाला छत्री, कुणाला शिलाई मशीन. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "दिसलं नाई, तं देल्लं नाई." म्हणून ते नीट दिसावं लागायचं. एकदा मी दुकानात बसलो असताना त्याने एका म्हाताऱ्याला कांबळं दिलं, परत घेतलं आणि पुन्हा दिलं, कारण पहिल्या वेळी म्हाताऱ्याच्या पाठीमागे दुकानाची पाटी आली नव्हती. दिवस वैशाखाचे होते. म्हातारा घामाने निथळत होता आणि हा त्याला सांगत होता, "आबाजी, थोडे थरथर कापा ना." मी उठून बाहेर आलो.

भाबडा म्हणावं, की लबाड, हे मला बरेच दिवस ठरवता आलं नाही. लग्नात तो देणाऱ्याचं नाव पुकारायचा. फोनवर तो घेणाऱ्याचं पुकारू लागला, तेही गाव, आडनाव, घरात कोण मेलं, कोण दारू पितो, सगळ्या तपशिलासकट. मी त्याला एकदा म्हटलंही, "अबे, देनाऱ्याचं नाव घेनं वेगळं अन् घेनाऱ्याचं वेगळं."

"काऊन वेगळं?" त्याला खरोखर नवल वाटलं. "ज्याले गल्लीत कोनी वळखत नव्हतं, त्याले आता दुनिया वळखून राह्यली. इज्जतच वाढवली ना मी त्याची?"

आयुष्यभर माइकवर नाव येणं म्हणजे मान, एवढंच त्याला ठाऊक. त्याची चूक तिथे होती. पण त्या चुकीवर त्याच्या दुकानाला काचेचं दार लागलं, थंडगार हवा आली, आणि मग ती चूक आहे हे त्याला पटवणार कोण?

आता बेबीवहिनींचं सांगतो. बेबीवहिनी म्हणजे माझ्या त्याच मोठ्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर त्यांनी घरामागचं ओलिताचं वावर स्वतः सांभाळलं. वांगी, मेथी, पालक, चवळीच्या शेंगा. बाजाराच्या दिवशी माल घेऊन हिंगणघाटला जायचं आणि आपल्या ठरलेल्या जागी पोतं अंथरून बसायचं. त्यांची जीभ तिखट. कुणी भाव पाडून मागितला, की म्हणायच्या, "ठेव थे वांगं खाली, त्याले राग आला." बाया हसायच्या आणि त्यांच्याकडूनच घ्यायच्या. वर मूठभर सांबार फुकट मिळायचा. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. तो टाकताना वहिनींचा हात दात्याचा असायचा. त्या जागेवर त्या कुणाच्या आई नव्हत्या, कुणाची विधवा नव्हत्या. धंदा करणारी बाई होत्या, आणि गावात पाटलीण मिरवणार नाही अशा तोऱ्यात बसायच्या.

एका बाजाराला माइकभाऊ तिथे फुलांनी सजवलेली हातगाडी घेऊन उगवला. गाडीवर चारही बाजूंनी त्याच्या दुकानाचं नाव. वहिनींना काही कळायच्या आत त्याने त्यांच्या गळ्यात हार घातला आणि फोनकडे तोंड करून सुरू झाला, "नमस्कार मित्रांनो! या आहेत वडनेरच्या बेबीताई. निराधार माऊली. पती देवाघरी, डोक्यावर छप्पर नाही!" डोक्यावर छप्पर नव्हतं हे खरं, कारण त्या बाजारात बसल्या होत्या. आमच्या घराला स्लॅब आहे.

"तुमी नाई काऊन नाई म्हनलं?" मी संध्याकाळी विचारलं.

"चार लोकात तुमच्या दोस्ताले कसं नाई म्हनू, भाऊजी?" वहिनी म्हणाल्या. "मले वाटलं, गाडी ठेवून जाईन अन् गोष्ट सरन."

गोष्ट सरली नाही. दोन दिवसांत माझ्या बहिणीच्या सासरहून फोन आला, वहिनीले घरातून काढलं काय म्हणून. पुण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या पुतण्याला त्याचे सोबती विचारू लागले, तुझी आई रस्त्यावर राहते का. पण वहिनींना लागलं ते वेगळंच. पुढच्या बाजाराला गिऱ्हाइकांनी भाव करणं सोडून दिलं. सांगितला तो भाव मुकाट्याने द्यायचे आणि वहिनींनी सांबाराची मूठ उचलली, की हात आडवा करायचे, "राहू द्या ताई, तुमच्याच कामी येईन." त्या दिवशी वहिनींनी सगळा सांबार घरी परत आणला. ओट्यावर टाकला आणि म्हणाल्या, "आज माल इकला नाई भाऊजी, भीक आनली." मी एवढा चिडलो, की दुसऱ्या दिवशी माझं बियाण्याचं दुकान बंद ठेवून हिंगणघाटला गेलो.

"व्हिडिओ काढून टाक," मी माइकभाऊला म्हटलं.

"अबे, त्याच्याच भरोशावर तं दिवाळीचा माल उचलला मी," तो म्हणाला. "अन् त्यात खोटं काय हाय? तुहा भाऊ नाई गेला काय?"

माझ्या भावाच्या तेरवीत वांगी चिरणारा माणूस हे बोलला. मी त्याला मारलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

शेवटी वहिनींनीच ठरवलं, गाडी परत करायची. मी आणि त्या दोघं ती ढकलत भर दुपारी त्याच्या दुकानासमोर गेलो. काचेतून त्याने आम्हाला पाहिलं. त्याच्या तोंडातून "या" निघण्याच्या आधी हातात फोन आला. वहिनी म्हणाल्या, "हे घ्या तुमची गाडी. मी कोनाची निराधार नोहो." बस, एवढंच. डोळ्यांत पाणी आणून तो फोनला म्हणाला, "पाहा मित्रांनो, याला म्हणतात स्वाभिमान!"

हा व्हिडिओ पहिल्यापेक्षा दुप्पट पळाला. माइकभाऊने सुती साड्यांचा एक गठ्ठा मागवला आणि त्याला 'स्वाभिमान साडी' नाव दिलं. साडीच्या डब्यावर वहिनींचा फोटो, रागावलेला. बाया तो डबा काखेत मारून बाजारात यायच्या आणि वहिनींसोबत सेल्फी काढायच्या. भाजी कोण घेतो? शेजारच्या भाजीवाल्या कुरकुर करू लागल्या, "बेबीबाई, तुह्यापायी आमचं गिऱ्हाईक अडून राह्यलं." पोरीबाळींच्या गर्दीत वहिनींची नेहमीची गिऱ्हाइकं पोहोचेनाशी झाली. मग वहिनींनी बाजार सोडला. माल वावरातूनच व्यापाऱ्याला देऊ लागल्या, तो म्हणेल त्या भावाने. घरात त्यांची ती तिखट जीभ बंद झाली. ते घर मला सहन होईना.

आणि एका दुपारी माइकभाऊ एकटाच आमच्या दारात येऊन उभा राहिला. हात रिकामे. "फोन गाडीत ठेवला," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला हळू बोलताना ऐकलं. त्याच्या बायकोनेच त्याला फैलावर घेतलं होतं म्हणे. तो वहिनींपुढे जमिनीवर बसला आणि रडला. माणूस खोटं रडतो तेव्हा मधूनमधून आपल्याकडे पाहतो. हा पाहत नव्हता. वहिनींनी चहा ठेवला. दोन्ही व्हिडिओ काढून टाकतो, साडीचे डबे बदलतो, असं तो बोलला, आणि त्याच रात्री त्याने ते काढून टाकलेही. तो गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, उद्याच्या बाजारासाठी वांगे तोडाले लागते." वावरात त्यांचा आवाज पुन्हा चढला, तेव्हा मला माझा मित्र परत मिळाल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरले.

सकाळी माल ऑटोत भरत होतो, तेवढ्यात शेजारची मुलगी फोन घेऊन धावत आली. माइकभाऊ दुकानात, काचेच्या दारापुढे उभा. "मित्रांनो, काल मी वडनेरला जाऊन बेबीताईंचे पाय धरले. फोन मी गाडीतच ठेवला होता, कारण काही अश्रू दाखवायचे नसतात." व्हिडिओखाली लोकांनी जोडलेल्या हातांची चित्रं टाकली होती.

वहिनींनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. ऑटोत चढलेला पाय खाली घेतला. "रडला तं खराच होता," त्या म्हणाल्या. "पन त्याच्या पोटात काईच टिकत नाई. तुमीच न्या भाऊजी माल. मी नाई येत आता." त्या घरात गेल्या, आणि त्या जागेवर त्या पुन्हा कधी बसल्या नाहीत.

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी त्या पोत्यावर मी बसतो. मला धंदा जमत नाही, तोंडही वहिनींसारखं नाही. गेल्या महिन्यात माइकभाऊ समोर आला. केस काळे केलेले, सोबत व्हिडिओ काढणारा पगारी माणूस. "पाहा मित्रांनो," त्याने सुरू केलं, "वहिनीच्या जागेवर बसलेला हा दीर, माझा जिवाभावाचा दोस्त!" मी काटा खाली ठेवला. बसल्या जागी वळून त्याच्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे पाहत राहिलो.

मागून तो व्हिडिओ काढणाऱ्याला म्हणाला, "पाठमोराच घे. चालते."