शालिकरामचे काळे रुपये

भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत तीस वर्षं ड्रिल धरलेल्या माणसाच्या बोटांत जीव राहत नाही. शालिकरामची तर चहाचा कप धरतानाही थरथरायची. पण हाच गडी चांदीचे जुने रुपये हाताळायला बसला, की बघत राहावं! आधी हात साबणानं धुवायचा, कोरडे करायचा. जमिनीवर गोधडीची घडी, वर मऊ धोतराचा तुकडा, म्हणजे रुपया सुटलाच तर पोचा पडू नये. मग एकेक नाणं फक्त काठानं उचलायचा. आजोबांपासून आलेले सतरा रुपये. एकेकाला वेगळं कागदी पाकीट, सगळी पाकिटं स्टीलच्या डब्यात, डब्यात बुटांच्या खोक्यांतून मागून आणलेल्या ओल शोषणाऱ्या पुड्या. पूर्वी एकदा रबर बँड लावून ठेवले होते, तर एका रुपयावर रबराची काळी रेघ उमटली. तेव्हापासून रबर घरात आलं की त्याचं टाळकं सणकायचं.

बायको शांताबाईला हे सगळे थेर वाटायचे. लक्ष्मीपूजनाला ताटात चांदी लखलखली पाहिजे की नाही? आणि हे रुपये दरवर्षी काळेढुस्स. चिंच आणि राख घेऊन ती डब्याच्या मागे, आणि शालिकराम डबा घेऊन खोलीभर पुढे. शेजाऱ्यांची दिवाळी त्यावरच साजरी व्हायची.

यंदा मात्र गोष्ट हसण्यावारी गेली नाही. नातीला पैंजण करायचे, तर मुलगा अश्विननं सोनाराशी बोलून टाकलं. सोनार म्हणाला, काळे पडलेत, वजनाच्या भावात वितळवतो. शालिकरामनं डबा पोटाशी धरला. नातीला नाही म्हणायला तोंड कुठलं? त्यानं एवढीच मुदत मागितली की गोंदियाला जुन्या नाण्यांचं प्रदर्शन आहे, स्पर्धाही आहे, तिथं कोणी विचारलं नाही तर घेऊन जा, मी अडवणार नाही.

जायच्या आदल्या संध्याकाळी शांताबाईनं एक रुपया हळूच काढला आणि चांगला चकाचक घासला. मनात पाप नव्हतं हो! चार लोकांत नवऱ्याची लाज राहावी, एवढंच. सकाळी शालिकरामनं ते पाहिलं. त्यानं तोही रुपया वेगळ्या पाकिटात घातला, आणि अश्विनसकट तिघं गाडीत बसले.

प्रदर्शनातल्या तपासनीसानं हातमोजे चढवले, भिंग लावलं. पहिल्यांदा चमकणारा रुपया घेतला. शांताबाई पुढे सरकली. त्यानं तो क्षणात बाजूला ठेवला, म्हणाला, घासलाय, वरची झीज भरून येत नाही, याला आता वजनाचाच भाव. शांताबाईचा चेहरा पडला.

मग त्यानं एक काळा रुपया उचलला. उलटा केला, सुलटा केला. दोघा सहकाऱ्यांना बोलावलं. तिघं भिंगावर डोकी लावून बसले. रुपयावरच्या इंग्रज राणीच्या केसांची बट न् बट शाबूत होती, आणि तो काळेपणा म्हणजे वर्षानुवर्षं आपोआप चढलेली छटा, संग्राहक जिच्या मागे फिरतात ती. दुपारी पहिलं बक्षीस जाहीर झालं. भरवेलीचे शालिकराम! दोन व्यापारी तिथंच मागं लागले. अश्विननं स्वतः पुढे होऊन त्यांना सांगितलं, विकायचे नाहीत, आणि खिशातून फोन काढून सोनाराला नाही कळवलं. पैंजण पगारातून करू म्हणाला. शालिकरामची छाती खाणीच्या दारासारखी रुंद झाली.

शांताबाई त्याच्या कानाशी लागली. "मले माफ करा. मी उगीच घासलं."

"त्यालेच आता पूजेत ठेवू," तो म्हणाला. "तुयाच हाताचा हाय तो."

तेवढ्यात तपासनीसानं विचारलं, बाबा, इतकी वर्षं हे रुपये एवढे सुरेख ठेवायला केलं तरी काय तुम्ही?

"मी काईच नाई केलं, साहेब," शालिकराम म्हणाला. "अन् कोनाले काही करू नाई देल्लं."

भर सभागृहात सगळ्यांच्या आधी शांताबाईच खळखळून हसली.