लाल कागदाखालची अक्षरं

परवा नातीच्या आकाशकंदिलाला लाल जिलेटिन चिकटवत होते. खळीचा वास आला आणि मी बारामतीच्या आमच्या ओट्यावर जाऊन बसले, दहा वर्षांची होऊन.

अक्का लग्न होऊन पणदऱ्याला गेली होती. तिथं येणारं-जाणारं प्रत्येक पत्र तिचे सासरे, आबा, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचत. म्हणून आम्ही बहिणी खुशालीच्या मजकुराखाली फिक्या निळ्या पेन्सिलीनं मनातलं लिहायचो आणि त्यावर लाल पेन्सिलीनं दाट वेल काढायचो. लाल कागद धरला की वेल नाहीशी व्हायची आणि अक्षरं काळीभोर दिसायची.

त्या गुरुवारी बाजाराला आलेले आबा आमच्या दारात उभे राहिले. टपालात टाकायला दिलेलं अक्काचं पत्र माझ्या हातात देत म्हणाले, "तुझा लाल कागद काढ की. आमच्या आकाशकंदिलाच्या लाल कागदाला चौकोनी भोक कुणी पाडलं, ते शोधताना मला समदं कळलं."

आज हसू येतं. तेव्हा वाटलं, आता अक्काची काही धडगत नाही. मी कागद धरला. 'मला सातवीच्या परीक्षेला बसायचंय. आबांना कोण सांगणार?'

"फारम मी भरतो, म्हनून लिही," आबा म्हणाले. "आन् वरनं वेल चांगली दाट काढ. तिच्या सासूला एवढ्यात कळाय नगं."