माझ्याच प्रबंधातलं वाक्य

पीएचडीसाठी दोन वर्षं मी बडनेऱ्याच्या पुढच्या एका गावातल्या शाळेत जात होते. विषय पर्यावरण शिक्षण. पुस्तकातलं पर्यावरण पोरांना तोंडपाठ होतं, पण खरं शिकणं चालायचं शाळेमागच्या वाफ्यांत. शिकवायची गावातलीच एक भाजीवाली. स्वतःचा मळा सांभाळून ती आठवड्यातून दोनदा यायची. कोणी पाणी जास्त सोडलं की म्हणायची, "मुळाले दम घेऊ दे ना बापा!"

प्रबंधात मी हेच मांडलं. माझे मार्गदर्शक सर शिक्षणाच्या धोरण समितीवरही होते. मसुदा वाचून म्हणाले, "संशोधनाच्या मर्यादा लिहितेस तिथे एक वाक्य घाल. हा प्रयोग एका बाहेरच्या व्यक्तीवर अवलंबून आहे, तो सगळीकडे जमणार नाही. परीक्षकांना बरं वाटतं." मी घातलं. सरांचा शब्द मी कधी मोडला नव्हता.

पुढच्या वर्षी शाळांना परिपत्रक आलं. प्रत्येक शाळेत बाग हवी, दर महिन्याला फोटो अपलोड करायचे, आणि बागेचं काम फक्त प्रशिक्षित शिक्षकांनीच घ्यायचं. आधार म्हणून माझा प्रबंध, त्यातलं तेवढंच एक वाक्य.

मी अमरावतीला सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, अख्खा प्रबंध याच्या उलट सांगतो."

"अगं, तुझं संशोधन धोरणात गेलं! पेढे आण," ते म्हणाले. फाइलीतून मान वर केली नाही. परिपत्रक काय निघणार हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं, असं मला त्या क्षणी वाटलं. आजही वाटतं.

तिथून थेट गाव गाठलं. भाजीवाली मळ्यात मेथी खुडत होती.

"मॅडम, हेडमास्तर म्हणे, तुमीच लिवलं का मी शाळेत नोको म्हणून. खरं हाय का?"

सरांचं नाव ओठावर आलं होतं. पण वाक्य माझ्या हातचं होतं. "हो, लिहिलं," मी म्हणाले.

"मंग आता कावून आल्या?"

कशाला आले, हे सांगायच्या आतच ती पुन्हा खाली वाकली.

मी समितीला पत्र लिहिलं, ते वाक्य अर्धवट उचललंय म्हणून. पोच आली, उत्तर नाही. सरांकडे जाणं मी सोडलं. त्या शाळेत आता महिनाअखेरीला नर्सरीतून रोपं आणतात, पोरांना त्यांच्यामागे उभं करतात आणि फोटो काढतात.